भेटफेरीतला अहेर

चर्चच्या दारावर दर नाताळात एक मोठा पत्र्याचा तारा चढतो. तो चढवण्याचा मान धाकटीच्या बाबांचा. मान म्हणायचं ते एवढ्यासाठी की दुसरं कुणी त्या शिडीवर पाय ठेवायला तयार नसतं. या वर्षी बाबांनी तारा अर्ध्यापर्यंत नेला, चष्म्यावर पावसाचे थेंब आलेत असं त्यांना वाटलं, ते पुसायला त्यांनी एक हात सोडला, आणि नेमका तोच हात ताऱ्याचा होता. तारा बाजूच्या खिडकीची काच फोडून आत गेला आणि घरंगळत वेदीपाशी जाऊन थांबला. बाबा शिडीवरच राहिले. पाळकसाहेबांनी आधी बाबांची विचारपूस केली, मग ताऱ्याची, आणि मग म्हणाले की इतक्या वर्षांत हा पहिल्यांदाच योग्य जागी पोचला.

म्हणून काचवाला आला.

तो आला तेव्हा धाकटी काचांचा चुरा झाडत होती. बाहेर थंडीतला बारीक पाऊस, पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळू नये असा. काचवाल्याच्या कानामागे पेन्सिल होती आणि केसांवर पाण्याची बारीक कणी. त्याने खिडकीकडे पाहिलं, वेदीपाशी टेकवलेल्या चेमटलेल्या ताऱ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

“हा कुठून आला?”

“पूर्वेकडून,” धाकटी म्हणाली.

तो शिडीवर चढून माप घ्यायला लागला. “मग तक्रार करण्यात अर्थ नाही,” तो वरून म्हणाला.

हसू त्याच्या ओठांवर आलंच नाही. कानामागची पेन्सिल तेवढी हलली. धाकटीने ते पाहिलं, आणि आपण ते पाहिलं याचं तिला नवल वाटलं, कारण शिडी धरायला तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि ती शिडी धरून उभी होती.

धाकटी तिशीला टेकली होती, पण दादाच्या पाठची म्हणून घरात धाकटी, आणि घरात धाकटी म्हणून सगळ्या मंडळीत धाकटी. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. खुर्चीत बसलेल्या माणसाला “आता जरा दुखेल” हे अगोदर सांगणं हा तिच्या कामाचा महत्त्वाचा भाग. तिच्या आवाजात ते इतकं खरं वाटायचं की माणसं दुखायच्या आधीच धीर धरायची.

चर्च म्हणजे एकच मोठा हॉल, एका टोकाला वेदी. त्या हॉलच्या मधोमध आई बसली होती. आईचा एक पाय स्टुलावर होता, कारण गुडघा नुकताच नवा बसवला होता. बाकीची आई मात्र जुनीच होती आणि खुर्चीतून सगळा नाताळ हाकत होती. भोवती पुठ्ठ्याचे खोके रचलेले. प्रत्येकात एक केक, साबण, मेणबत्ती आणि महिला मंडळाने विणलेले लोकरी मोजे. मोजे सगळे एकाच मापाचे असत. ज्यांचे पाय त्या मापाचे नव्हते त्यांनी इतक्या वर्षांत कधी कुरकुर केली नाही, यावरून मोजे बसतात असा मंडळाचा समज होता.

हे खोके वस्तीतल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांकडे जात. चर्चचे असोत नसोत, घराबाहेर पडणं अवघड झालेलं कुणीही. याला भेटफेरी म्हणत. भेटफेरी आईने सुरू केली आणि तिचे दोनच नियम होते. पहिला, बसल्याशिवाय खोका द्यायचा नाही. पूर्वी तरुण संघाची पोरं दुधाच्या पिशव्या टाकाव्यात तसे खोके दारात ठेवून पळत, त्यावर हा उपाय. दुसरा नियम त्याहून कडक: घरातून काही घ्यायचं नाही. आपण द्यायला जातो, घ्यायला नाही. एका वर्षी कुणीतरी जॅमची बाटली घेऊन आलं होतं, त्यावर आई अजून बोलते.

या वर्षी मात्र खजिनदारकाकांनी एक मुद्दा मांडला होता. काका बँकेतून निवृत्त झालेले, आणि सरळमार्गी. त्यांचं म्हणणं, बसून बसून दिवस जातात, माणसं मिळत नाहीत, तुमचाही गुडघा हा असा. तर पुढच्या वर्षीपासून खोके सरळ कुरिअरने पाठवावेत. सहीसुद्धा मिळते. कमिटीला ते पटत चाललं होतं. निर्णय नाताळच्या जेवणानंतर व्हायचा होता.

“मी या वेळी फिरू शकत नाही,” आईने धाकटीला सांगितलं होतं. “तू एकही चूक न करता फेरी पार पाड. मग बघते मी कुरिअर.” हे ती रागाने म्हणाली नाही. घरी कपडे घड्या घालताना म्हणाली, आणि नंतर बराच वेळ एकाच टॉवेलाची घडी घालत राहिली.

तर अडचण अशी की धाकटीच्या जोडीला जाणारे ऑर्गनवादक काका कंबर धरून बसले होते. आईने हॉलमध्ये नजर फिरवली. काचवाला माप घेऊन निघालाच होता. आईच्या हॉलमधून आजवर कुणी काम घेतल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. काच कापून आणेपर्यंत तुम्ही काय करता, असं तिने त्याला विचारलं. काच कापतो, तो म्हणाला. आणि त्यानंतर? दुपारी फारसं काही नसतं, असं त्याने खरं सांगून टाकलं. बिचारा दुसऱ्या वस्तीतल्या चर्चचा, तोही नावापुरता, रविवारी उशिरा उठणाऱ्यांपैकी. कमिटीची माणसं त्याने जवळून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची व्हॅन दारात उभी होती. मागे काचा उभ्या ठेवायच्या चौकटीत केकचे खोके उभे.

पहिलं घर मुख्याध्यापिकाबाईंचं. बाई निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण कुणी निवृत्त झाल्याचं त्यांच्या आवाजाला कळवलेलं नव्हतं. दोघांना समोर बसवून त्यांनी विचारलं, नवराबायको का? धाकटी म्हणाली, नाही. आणि तिथेच फसली. का नाही, याचा खुलासा बाईंना हवा होता. दोघांची वयं, नोकऱ्या, आईवडलांची मतं, पूर्वीची नकारघंटा, सगळं विचारून झालं. काचवाला शाळेतल्यासारखा ताठ बसून उत्तरं देत होता. शेवटी बाई म्हणाल्या, विचार करा, आणि अभ्यास दिल्यासारखा हात हलवला. बाहेर आले तेव्हा अर्धी दुपार गेली होती.

“तुम्हांला खरंच काचेचं इतकं वेड आहे?” जिना उतरताना धाकटीने विचारलं.

“नाही. पण त्यांनी छंद विचारला. घाबरून जे सुचलं ते सांगितलं.”

दुसऱ्या घरी घड्याळजीबाबा राहत. दुकान कधीच बंद झालेलं, बायको गेलेली, कान जवळजवळ गेलेले. घरभर घड्याळं, आणि प्रत्येकाचं वेळेबद्दल स्वतंत्र मत. घड्याळजीबाबांनी दोघांना आळीपाळीने न्याहाळलं आणि ठणठणीत आवाजात विचारलं, “लग्न झालं ना?”

धाकटीने तोंड उघडलं. ‘नाही’ हे ओरडून सांगावं लागलं असतं, मग त्याचा खुलासा ओरडून, आणि वरच्या मजल्यावर खिडक्या उघड्या होत्या.

“हो,” काचवाला जोरात मान डोलवत म्हणाला. “नुकतंच.”

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. तो केकच्या खोक्याकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते, पेन्सिलीसकट म्हणायला हरकत नाही.

घड्याळजीबाबांचा चेहरा मात्र... धाकटीने खुर्चीत बसलेल्या माणसांचे बरेच चेहरे पाहिले होते, दुखणं थांबल्यानंतरचे. तसा. ते उठले, भिंतीला धरत धरत गेले आणि एक लंबकाचं घड्याळ उतरवून घेऊन आले. धाकटी म्हणाली, आम्हांला काही घेता येत नाही, नियम आहे. त्यांना ऐकू गेलं नाही. तिने हातांनी खुणा केल्या. त्या त्यांना कळल्या, आणि ते म्हणाले, “खोक्यासाठी नाही देत मी. खोका तुमचा, तुम्ही देता. हा अहेर आहे. अहेर कुणी नाकारतं का?”

किती दिवसांनी कुणाला तरी काही देतोय, हे ते घड्याळ पुसता पुसता स्वतःशीच बोलले. बहिऱ्या माणसाचं स्वतःशी बोलणं सगळ्यांना ऐकू येतं.

व्हॅनमध्ये घड्याळ धाकटीच्या मांडीवर होतं. वायपर एका चालीत, घड्याळ दुसऱ्या.

“तुम्ही हो म्हणालात,” ती म्हणाली.

“वेळ वाचावा म्हणून.”

“वाचला?”

घड्याळाने भर दुपारी सात टोले दिले. काचवाल्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. “नाही,” तो म्हणाला.

ती हसणार नव्हती. नियम मोडला होता, तोही दुसऱ्याच घरात, आणि ज्याने मोडला तो शांतपणे गियर बदलत होता. पण वळणावर घड्याळ कलंडू नये म्हणून त्याने डावा हात त्याच्यावर ठेवला, तिच्या हाताशेजारी, आणि वळण संपल्यावरही तो हात तिथे थोडा रेंगाळला... मग घाईघाईने स्टिअरिंगवर गेला. दोघेही समोरच्या पावसाकडे लक्षपूर्वक पाहू लागले.

तिसऱ्या घरी खरं सांगायचं असं जिन्यात ठरलं. पण बातमी त्यांच्या आधी पोचली होती. तिथे दोन बहिणी राहत, दोघींचे नवरे वारलेले, दोघींची आयुष्यभर एकमेकींशी स्पर्धा. घड्याळजीबाबांनी त्यांना फोन केला होता, आणि त्यांचा फोन म्हणजे अख्ख्या गल्लीला दवंडी. थोरलीने कपबशांची जोडी काढून ठेवली होती. धाकट्या बहिणीने भरतकाम केलेला टेबलक्लॉथ काढला होता. लग्न कधी झालं, थोरलीने विचारलं. उन्हाळ्यात, आपली धाकटी म्हणाली. त्याच क्षणी काचवाला म्हणाला, परवाच. थोरलीने धाकट्या बहिणीकडे पाहिलं, धाकट्या बहिणीने कपांकडे, आणि थोरलीने कप गुंडाळायला कागद घेतला.

नवराबायको एकमेकांना तुम्ही म्हणतात हे त्या बहिणींना पटेना, म्हणून त्या घरात दोघांना अरेतुरे करावं लागलं. “तू सरक ना जरा,” असं धाकटी सोफ्यावर म्हणाली, आणि तो सरकला. खाली उतरल्यावर पुन्हा अहोजाहो सुरू झालं, पण ते आता नव्या बुटांसारखं कुठेतरी चावत होतं.

त्यानंतरच्या घरांत काय झालं ते वेगळं सांगायला नको. फेरी संपली तेव्हा खोके सगळे वाटून झाले होते आणि व्हॅन निघताना होती त्यापेक्षा जास्त भरलेली होती. उशांचे अभ्रे, पितळेचा दिवा, एक कढई, कुंडीतलं कोरफडीचं रोप. चर्चच्या इतिहासात गरजूंकडून इतकी मदत कुणी आणली नव्हती.

त्या फेरीच्या दिवसांत काच मात्र बसली नाही. पहिली कापून आणली ती चौकटीत आखूड पडली. दुसरी जवळजवळ बसली, जवळजवळ. खिडकीला पुठ्ठा तसाच राहिला. बाबांना बरं वाटलं. आपल्याखेरीज आणखी कुणीतरी या खिडकीपुढे हरतंय, असं ते धाकटीच्या वहिनीला म्हणाले. वहिनीने, जी फारसं बोलत नाही, विचारलं की एवढा चांगला कारागीर आणि दोनदा माप चुकतो कसा? आणि धाकटीकडे पाहत वाटाणे सोलत राहिली. वाटाण्यांपेक्षा पाहणंच जास्त झालं.

नाताळच्या दोन दिवस आधी काचवाला धाकटीच्या दवाखान्यात येऊन उभा राहिला. त्याने ठरवलं होतं. हे सगळं आपल्यामुळे झालं, तेव्हा आपण एकेका घरी जाऊन खरं सांगणार आणि वस्तू परत करणार. जेवणाच्या आधी. म्हणजे तिच्या आईची फेरी बुडणार नाही आणि तिच्यावर काही येणार नाही.

हे योग्यच होतं. धाकटी हो म्हणाली. आणि मग तिला दिसलं की आपल्याला ते मुळीच आवडलेलं नाही. इतक्या सहज? एक चुकीची काच बदलावी तसं? तिने दात तपासायच्या आरशांचा ट्रे पुसायला घेतला, जो पुसलेला होता.

“सगळंच परत करणार?” तिने विचारलं.

“जे आपलं नाही ते... हो ना?” तो म्हणाला, आणि उत्तराची वाट पाहिल्यासारखा थोडा उभा राहिला. ती ट्रे पुसत होती. तो गेला.

संध्याकाळी उजेड असतानाच तो परत आला. घड्याळ त्याच्या काखेत तसंच होतं.

“मी दारात घड्याळ घेऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, बिघडलं का. मी हो म्हणालो.”

“पुन्हा?”

“तोंडातून निघालं. मग त्यांनी हत्यारांची पेटी काढली. गादीखाली होती. हात थरथरत होते, पण घड्याळ उघडलं तसे थांबले. दोन तास बसलो होतो. आता बरोबर टोले देतं.” त्याने घड्याळ दवाखान्याच्या बाकावर ठेवलं. “मी निघताना ते म्हणाले, दुकान बंद झाल्यापासून ही पहिली दुरुस्ती. यानंतर मी कुणाच्याच दारात गेलो नाही. मला जमणार नाही ते.”

घड्याळाने सहा टोले दिले. सहाच वाजले होते. धाकटीला एकदम हलकं वाटलं, आणि एकदम भीतीही, कारण आता खरं सांगायचं काम तिच्याकडे आलं होतं.

नाताळच्या दुपारी हॉल भरला. ज्यांना आणता आलं त्या सगळ्या म्हाताऱ्यांना दादाने फेऱ्या मारून आणलं होतं. पुठ्ठा लावलेल्या खिडकीतून वारा येत होता, म्हणून तिथे खजिनदारकाकांना बसवलं होतं. जेवण होत आलं तेव्हा घड्याळजीबाबा काठी टेकत आईच्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे शेवटच्या टेबलापर्यंत, म्हणाले, “जावई चांगला मिळाला तुम्हांला. घड्याळ कुठे लावलं?”

आईने विचारलं, “कसलं घड्याळ?”

त्यावर थोरली बहीण म्हणाली, आणि कप वापरायला काढले का? पितळेच्या दिव्याची चौकशी झाली. कढईची झाली. मुख्याध्यापिकाबाई आपल्या जागेवरून म्हणाल्या की त्यांचं लग्न झालेलं नाही, मी स्वतः विचारलं आहे. झालंय, बहिणी म्हणाल्या. खजिनदारकाकांनी हातातला चमचा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण हिशेब लागल्याचं समाधान होतं.

आई धाकटीकडे पाहत होती. नुसती पाहत होती.

काचवाला खुर्ची मागे सारून उठला. धाकटीने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

“आता जरा दुखेल,” ती म्हणाली.

काहींनी सवयीने खुर्चीचे हात धरले.

आमचं लग्न झालेलं नाही, ती म्हणाली. पहिल्या घरी खरं सांगितलं आणि पुढच्या घरी सांगितलं नाही, आधी वेळ वाचावा म्हणून, मग तुमचे चेहरे पाहून. आईने दोन नियम दिले होते. बसायचा पाळला, न घेण्याचा मोडला, आणि ते कळू नये म्हणून लपवलं, कारण आज फेरीबद्दल ठरायचं होतं. चूक माझी आहे, आईची नाही, फेरीची तर नाहीच. तुमच्या वस्तू व्हॅनमध्ये आहेत. ज्याची त्याने परत न्यावी.

घड्याळजीबाबांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन सगळ्याचा सारांश एका शब्दात सांगितला. त्यांनी मान हलवली. विचार केला.

“मग घड्याळ थोडं पुढे आहे, एवढंच,” ते म्हणाले, आणि आपल्या केककडे वळले.

थोरली बहीण म्हणाली, आम्हांला तेव्हाच कळलं होतं. एकाचं लग्न उन्हाळ्यात आणि दुसऱ्याचं परवा, असा संसार नसतो. “मग कप कशाला दिलेत?” धाकटीने न राहवून विचारलं.

“तुमच्या फेरीवाल्यांना काही घ्यायची बंदी. आमच्या घरातून कुणी काही घेऊन गेलं त्याला किती वर्षं झाली माहीत आहे? निमित्त मिळालं, दिलं.” मग ती खजिनदारकाकांकडे वळली. “तुमचा तो कुरिअरवाला बसेल का हो? आणि कप नेईल?”

काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कुरिअरवाला फक्त सही घेतो.

आईने स्टुलावरचा पाय उचलून जमिनीवर ठेवला, डॉक्टरांनी मनाई केली असताना, आणि म्हणाली की फेरीचा दुसरा नियम तिने स्वतः केला होता, तो आज ती स्वतः काढते आहे. पुढच्या वर्षी जो कुणी एखाद्या घरातून रिकाम्या हाताने परत येईल त्याला ती पुन्हा पाठवेल. कमिटीने हात वर केले. खजिनदारकाकांनीही केला, अर्धा. वारा लागत होता म्हणून पूर्ण नाही, असं ते नंतर म्हणाले.

हॉल रिकामा होत असताना काचवाला खिडकीशी होता. तिसरी काच बसवत होता. धाकटी शिडी धरायला गेली. बाहेर पाऊस थांबला होता. काच चौकटीत गेली, जराही आवाज न करता, जणू कधी फुटलीच नव्हती.

“बसली,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा तरी माप बरोबर घेतलंत.”

“माप पहिल्यांदाच बरोबर होतं.” तो वर, पाठमोरा. हात काचेच्या कडेवरून फिरत होता. “हात चुकला. तू खाली शिडी धरून उभी होतीस, ते डोक्यातून जाईना. काचेच्या कामात असं चालत नाही.”

हॉलमध्ये कुणीही सोफ्यावर बसलेलं नव्हतं, आणि तो तू म्हणाला होता.

“आणि दुसऱ्यांदा?” तिने विचारलं.

“दुसऱ्यांदा मुद्दाम.” पेन्सिल हलली. “खोटं बोलायची सवय तुझ्यामुळेच लागली मला. आधी ‘नुकतंच’ म्हणालो, मग ‘परवाच’, आणि दोन्ही वेळा...” तो शिडीची एक पायरी उतरला. “दोन्ही वेळा खरं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.”

धाकटी शिडी घट्ट धरून होती, आणि शिडीला त्याची गरज नव्हती.

“कुणी काही परत नेलं नाही,” तो म्हणाला. “व्हॅन भरलेली आहे. माझ्या घरी एक भिंत आहे, कोरी. घड्याळ तिथे बसेल, मी माप घेतलंय. कप टेबलावर. कढई... मला कढईतलं फारसं येत नाही.”

“मलाही येत नाही.”

“म्हणजे घर लागलंच आहे. आत माणसं तेवढी नाहीत.” तो खाली उतरला, तिच्यासमोर. केसांवर आता पाण्याऐवजी पुट्टीची भुकटी होती. “विचार करा, असं बाई म्हणाल्या होत्या. मी केला. तू?”

ती त्याच्या कानामागे हात घेऊन गेली, पेन्सिल काढली, आणि आपल्या कानामागे ठेवली.

“हो,” ती म्हणाली. “नुकताच.”

हॉलच्या मधोमध आई मोजे मोजत असल्यासारखं करत होती. मोजे सगळे वाटून झाले होते. तिने मान वर न करता काचवाल्याला विचारलं की पुढच्या वर्षी फेरीच्या दिवसांत त्याची व्हॅन सकाळीही रिकामी ठेवता येईल का, आणि तो, अजून कमिटीची माणसं न ओळखणारा, हो म्हणाला.